पंचांग, समाचार आणि एक रस्ता : मर्झबान घराण्याची दोन शतके

दक्षिण मुंबईत स्टर्लिंग सिनेमासमोरून जो रस्ता जातो, त्याचे नाव मर्झबान रोड. तिथून फोर्टच्या गल्ल्यांमधून पायी हॉर्निमन सर्कलच्या बाजूला गेले, की दुसरा फलक लागतो : मुंबई समाचार मार्ग. पहिला रस्ता एका इंजिनिअरच्या नावाचा आहे, दुसरा एका वर्तमानपत्राच्या. ते इंजिनिअर म्हणजे खानबहादूर मुंचेरजी कावसजी मर्झबान आणि ते वर्तमानपत्र सुरू करणारे फर्दुनजी मर्झबान. दोघे एकाच पारशी घराण्यातले. ज्याने शहरात इमारती उभ्या केल्या त्याचे आडनाव रस्त्याला मिळाले. ज्याने शहराला देशी भाषेतले छापील अक्षर दिले, त्याच्या पत्राचे नाव फलकावर आहे, त्याचे स्वतःचे नाही.

मराठी मुद्रणाचा इतिहास सांगताना आपण गणपत कृष्णाजी आणि जावजी दादाजी यांची नावे आदराने घेतो. ते योग्यच आहे. पण ज्या शहरात त्यांनी आपापले छापखाने काढले, तिथे देशी माणसाने देशी भाषेसाठी चालवलेला छापखाना १८१२ पासूनच होता. तो फर्दुनजींचा. या घराण्याकडे मी वळलो तो मात्र वेगळ्या प्रश्नामुळे. फर्दुनजींनी उभे केलेले वर्तमानपत्र त्यांच्या हयातीतच त्यांच्या हातून गेले. ते ना मुलांना मिळाले, ना नातवंडांना. तरीही पुढची दीडशे वर्षे मर्झबान हे नाव मुंबईच्या छपाईत, पत्रकारितेत, बांधकामात आणि रंगभूमीवर येत राहिले. मालमत्ता गेल्यावरही घराणे टिकते, तेव्हा नेमके काय टिकलेले असते?

माझ्याकडे इतिहासाची पदवी नाही. तरुणपणी एका छोट्या छापखान्यात जुळारी म्हणून मी काही वर्षे काढली. ऑफसेट आले, ते काम संपले आणि मग वाचनाचा नाद लागला. त्यामुळे एखाद्या जुन्या मुद्रकाचे चरित्र हाती आले, की त्याच्या पदव्या आणि मानमरातब मला मागाहून दिसतात. आधी मनात येते ते हे, की या माणसाने खिळे कुठून आणले?

फर्दुनजींचा जन्म १७८७ चा, सुरतेकडच्या मोबेद म्हणजे पुरोहित घराण्यातला. १८०५ मध्ये, अठराव्या वर्षी ते मुंबईत आले. इथे त्यांना मुल्ला फिरोज भेटले. हे त्या काळचे फारसीचे मोठे पंडित. लहानपणी वडिलांबरोबर इराणात जाऊन तिथल्या विद्वानांपाशी ते शिकले होते, आणि त्यांचा ग्रंथसंग्रह नावाजलेला होता. फर्दुनजी त्यांच्याकडे शिकले, त्यांची पुस्तके सांभाळू लागले आणि पुस्तके सांभाळता सांभाळता पुस्तकबांधणी शिकले. आधी बांधणीचे दुकान आणि मग छापखाना, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. ते भांडवल घेऊन धंद्यात उतरलेले शेठ नव्हते. पुस्तक आधी हाताने उसवून आणि पुन्हा शिवून, म्हणजे आतून, त्यांनी पाहिले होते.

मुंबईत गुजराती अक्षर त्याआधी छापले गेले नव्हते असे नाही. 'बॉम्बे कुरिअर' या इंग्रजी पत्रात १७९७ मध्ये गुजराती जाहिरात छापून आली. ते खिळे याच पत्राच्या छापखान्यातल्या जिजीभाई छापगर नावाच्या पारशी कारागिराने पाडलेले. पण इंग्रजी पत्राच्या कोपऱ्यात चार ओळींची गुजराती जाहिरात छापणे वेगळे आणि गुजराती पुस्तके छापण्यासाठी स्वतंत्र छापखाना थाटणे वेगळे. जाहिरातीला मूठभर खिळे पुरतात. पुस्तकाला प्रत्येक अक्षराचे शेकड्यांनी खिळे लागतात, नाहीतर चार पाने जुळवली की 'क' संपतो आणि काम थांबते.

हे खिळे करायचे म्हणजे काय, हे आज सांगावे लागते. आधी पोलादाच्या तुकड्यावर अक्षर उलटे कोरायचे. तो ठसा तांब्याच्या पट्टीवर ठोकून मातृका तयार करायची. मातृका साच्यात बसवून वर वितळलेल्या शिशाचा मिश्रधातू ओतायचा आणि निघालेला प्रत्येक खिळा घासून एका उंचीचा करायचा. उंचीत केसभर फरक पडला, तरी कागदावर एक अक्षर काळे उमटते आणि शेजारचे फिके. आपल्या बाळबोधीत काना-मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरांमुळे खिळ्यांची संख्या इतकी वाढते, की जुळाऱ्याला केससमोर उभे राहून हात लांबवावे लागतात. व्यवहारातल्या गुजरातीला शिरोरेषा नाही, तेवढा त्रास कमी. पण काना-मात्रा आणि जोडाक्षरे तिथेही आहेतच. असल्या कामाला १८१२ मध्ये हात घालायला चिकाटी आणि थोडे वेडही लागले असणार.

या छापखान्याचे पहिले मोठे काम कोणते असावे? धर्मग्रंथ नव्हे, काव्य नव्हे. १८१४ मध्ये फर्दुनजींनी विक्रम संवत १८७१ चे गुजराती पंचांग छापले. झरथोस्ती मोबेदाच्या छापखान्यातून आधी बाहेर पडले ते हिंदूंचे पंचांग! गुजराती व्यापाऱ्यांचे वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या दिवाळीतल्या पाडव्याला सुरू होते. त्याच दिवशी नव्या वह्या सुरू होतात. तेव्हा दिवाळीच्या तोंडावर दर वर्षी हमखास लागणारी छापील वस्तू कोणती, हे फर्दुनजींनी अचूक ओळखले होते. पुस्तक एकदा घेतले की घरात राहते. पंचांग वर्ष सरले की निरुपयोगी होते आणि नवे घ्यावे लागते. छापखान्याच्या हिशेबात याइतके भरवशाचे गिऱ्हाईक दुसरे नाही. आपल्याकडेही १८६९ मध्ये निघालेल्या 'निर्णयसागर' छापखान्याचे नाव घरोघरी पोचले ते पंचांगामुळेच.

पंचांगाने पाया घातल्यावर ग्रंथ आले. धर्मपंथांची माहिती देणाऱ्या 'दबिस्तान' या फारसी ग्रंथाचा गुजराती अनुवाद फर्दुनजींनी १८१५ मध्ये छापला. पारशांच्या नित्यपाठाचे 'खोर्देह अवेस्ता'ही त्यांनी छापले. आणि १ जुलै १८२२, सोमवारी, 'मुंबईना समाचार' हे साप्ताहिक निघाले. पुढे त्याचे दैनिक झाले. आज तेच 'मुंबई समाचार' आशियातले अखंड चालू असलेले सर्वांत जुने वर्तमानपत्र मानले जाते.

इथे एक प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येणारच. आपले 'दर्पण' निघाले ६ जानेवारी १८३२ ला. म्हणजे मुंबईत गुजराती पत्र मराठीच्या जवळजवळ दहा वर्षे आधी निघाले, ते का? याचे उत्तर वृत्तपत्राच्या गिऱ्हाइकात आहे असे मला वाटते. गुजराती पत्राचा वाचक व्यापारी होता. कोणते जहाज आले, कोणते सुटले, कुठल्या मालाचा लिलाव आहे, कोणते घर विकायचे आहे, ही माहिती त्याला पैशाची होती आणि ती मिळवायला तो पैसे द्यायला तयार होता. मराठी मुद्रणाला मुंबईत सुरुवातीचा आधार मिळाला तो मिशनऱ्यांचा आणि शाळाखात्याचा. बाळशास्त्री जांभेकर हे विद्वान शिक्षक. त्यांच्या 'दर्पण'मध्ये एक स्तंभ मराठी आणि एक इंग्रजी असे, आणि त्याचा हेतू ज्ञानप्रसाराचा. ते पत्र १८४० मध्ये थांबले. बाळशास्त्रींची योग्यता यामुळे कणभरही कमी होत नाही. एवढेच दिसते, की एका पत्राचा जन्म बाजारात झाला आणि दुसऱ्याचा शाळेत. शाळेतल्या पत्राने विचार दिला, बाजारातले पत्र टिकले.

मात्र पत्र टिकले म्हणून पत्र काढणारा टिकला असे झाले नाही. 'दर्पण' निघाले त्याच १८३२ साली फर्दुनजींच्या हातून 'समाचार' सुटले आणि ते मुंबई सोडून पोर्तुगीजांच्या दमणला गेले. त्या उलथापालथीच्या मागे होता कबिशाचा वाद, आणि हा वादही कालगणनेचाच.

पारशी वर्ष म्हणजे तीस दिवसांचे बारा महिने आणि वर गाथांचे पाच दिवस, एकूण ३६५. सौरवर्ष त्याहून सुमारे सहा तासांनी मोठे. हा फरक साचत जातो आणि १२० वर्षांत एक महिना होतो. तो भरून काढायला जादा महिना धरायचा, तो कबिसा. आपल्या अधिक मासासारखाच. भारतातल्या पारशांनी पूर्वी कधीतरी असा महिना धरला होता, इराणातल्या झरथोस्तींनी धरला नव्हता. त्यामुळे अठराव्या शतकात दोन्हीकडच्या लोकांचा संबंध आला, तेव्हा दोघांच्या पंचांगांत बरोबर एक महिन्याचे अंतर निघाले. १७४५ मध्ये सुरतेतल्या काहींनी इराणी गणना स्वीकारली, ते कदमी. बाकीचे शहेनशाही राहिले. बाहेरच्याला हा वाद किरकोळ वाटेल. पण पारशी प्रार्थनेत त्या दिवसाचे आणि महिन्याचे नाव घ्यावे लागते. महिनाच चुकला तर प्रार्थना चुकली, मृतांसाठीचे विधी चुकले. १८२० नंतर मुंबईत हा वाद इतका पेटला, की त्यावर दोन्ही बाजूंनी ग्रंथ निघाले. कदमींचे अग्रणी होते मुल्ला फिरोज, म्हणजे फर्दुनजींचे गुरू. ते १८३० मध्ये वारले. पुढच्या दोन वर्षांत फर्दुनजींचे मुंबईतले बस्तान उठले.

ज्या माणसाने दुसऱ्यांचे पंचांग छापून धंदा उभा केला, तो स्वतःच्या समाजाच्या पंचांगाच्या भांडणात सापडला. वादाला छापील कागदाने जोर आणला होता हेही खरे. हस्तलिखिताचा वाद दहा पंडितांत राहतो. छापला, की पेठेत येतो. मुंबईत ही ताकद ज्यांनी आणली, त्यांत फर्दुनजी पहिल्या रांगेत होते. तिची झळ सोसणाऱ्यांतही ते पहिल्या रांगेत आले. १८४७ मध्ये त्यांना दमणमध्ये मरण आले. 'समाचार' तोवर दुसऱ्यांचा झाला होता. अनेक हातांतून जात १९३३ मध्ये ते कामा कुटुंबाकडे आले आणि आजही त्यांच्याकडे आहे.

फर्दुनजी दमणला होते तेव्हा, १८३९ मध्ये, या घराण्यात मुंचेरजी जन्मले. ते पुण्यात इंजिनिअर झाले आणि सरकारी बांधकामात शिरले. ही वेळ महत्त्वाची. १८६० नंतर मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले गेले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवे शहर उभे राहू लागले. त्यासाठी नेमलेले वास्तुतज्ज्ञ जेम्स ट्रबशॉ यांचे साहाय्यक म्हणून मुंचेरजींनी काम केले. काळा घोड्यासमोरची एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत ट्रबशॉ यांची, आणि तिच्या कामात मुंचेरजींचा मोठा वाटा. ती १८८८ मध्ये पुरी झाली. याच वास्तूत राज्याचा पुराभिलेख विभाग, म्हणजे आम्हा शोधकर्त्यांचा दप्तरखाना आहे. तिथे जुनी कागदपत्रे चाळणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, की डोक्यावरच्या छतात एका मुद्रकाच्या वंशजाचा हात आहे?

त्यांचे दुसरे नावाजलेले काम म्हणजे कामा हॉस्पिटल. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी देणगी दिली आणि १८८६ मध्ये स्त्रियांसाठी, स्त्री-डॉक्टरांच्या हाताखाली चालणारे हे रुग्णालय सुरू झाले. तिथल्या डॉक्टर एडिथ पीची यांनी आपल्या रखमाबाईंना वैद्यकीय शिक्षणासाठी बळ दिले, ही गोष्ट मराठी वाचकाला माहीत आहे. त्या गोष्टीतली इमारत मुंचेरजींची आहे, ही माहिती सहसा कोणी देत नाही. पुढे ते मुंबई महानगरपालिकेचे कार्यकारी अभियंता झाले.

मला मात्र त्यांचे तिसरे काम अधिक महत्त्वाचे वाटते. गरीब पारशी कुटुंबांना परवडणाऱ्या भाड्यात स्वच्छ घर मिळावे म्हणून त्यांनी 'गरीब झरथोस्तीओना रेहेठाण फंड' उभारला. गिल्डर लेनमधली मर्झबान कॉलनी हे नाव त्याचीच आठवण सांगते. पारशी दानधर्माची कथा सांगताना आपण विहिरी, धर्मशाळा आणि अग्यारी मोजतो. पण सामान्य कारकुनाचे किंवा विधवेचे महिन्याचे भाडे हा प्रश्न धर्मकार्यात आणणे हे इंजिनिअरचे डोके. सार्वजनिक इमारती बांधताना पगारदार माणूस शहरात कसा राहतो, हे त्यांनी जवळून पाहिले असणार. पुढे पारशी बागा आणि वसाहती मुंबईभर झाल्या. त्या वाटेवरच्या सुरुवातीच्या पावलांत हे पाऊल मोजायला हवे.

याच सुमारास घराण्याची छापील अक्षराची वाटही पुन्हा उघडली. 'जामे जमशेद' हे गुजराती पत्र पेस्तनजी माणेकजी मोतीवाला यांनी काढले होते, १८३२ मध्ये. म्हणजे कबिशाच्या धामधुमीत, फर्दुनजींनी मुंबई सोडली त्याच वर्षी. १८८७ मध्ये, पंचावन्न वर्षांनी, ते पत्र जहांगीर बेहरामजी मर्झबान यांच्या हाती आले. आधीचे पत्र घराण्याला परत मिळाले नाही. त्याचा प्रतिस्पर्धी मिळाला. जहांगीर (१८४८–१९२८) हे विनोदी लेखक. पारशी गुजरातीला त्यांनी हसायला लावले. त्यांच्यामागे 'पीजाम' या नावाने लिहिणारे फिरोज जहांगीर मर्झबान आले आणि त्यांच्यामागे त्यांचे चिरंजीव अदी मर्झबान (१९१४–१९८७).

अदींचे नाव माझ्या पिढीलाही ओळखीचे आहे. त्यांनी 'जामे जमशेद'चे संपादन केले, पण लोकांच्या लक्षात राहिले ते नाटकवाले म्हणून. १९५४ च्या 'पिरोजा भवन'ने पारशी-गुजराती रंगभूमीला पुन्हा उभारी दिली. १९६४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर त्यांचा 'आवो मारी साथे' हा कार्यक्रम आला. आम्ही चाळीतली मुले शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर बसून तो पाहायचो. गुजराती निम्मी कळायची, हसू पूर्ण यायचे. दिवसा वर्तमानपत्राचे मजकूर, रात्री नाटकाची तालीम. पणजोबांच्या पिढीत खिळ्यांनी केलेले काम चौथ्या-पाचव्या पिढीत आवाजाने आणि अभिनयाने चालू राहिले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. या घराण्याबद्दल आपल्याला जे कळते, त्यातला मोठा भाग घराण्यानेच लिहून ठेवला म्हणून कळतो. मुंचेरजींचे चिरंजीव मर्झबान मुंचेरजी मर्झबान हे बॅरिस्टर. त्यांनी १९१५ मध्ये वडिलांचे इंग्रजी चरित्र छापले आणि त्याच्या प्रस्तावनेत फर्दुनजींचे जीवनवृत्त दिले. दोन वर्षांनी डेल्फीन मेनां या फ्रेंच विदुषीच्या पारशांवरील ग्रंथाची त्यांनी भरघोस टिपांसह वाढवलेली इंग्रजी आवृत्ती काढली. आमचे अनंत काकबा प्रियोळकर भारतीय मुद्रणाचा इतिहास लिहायला बसले, आणि १९५८ मध्ये तो इंग्रजीत प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनाही मुंबईच्या प्रकरणात फर्दुनजींना जागा द्यावी लागली.

मुलाने लिहिलेले वडिलांचे चरित्र कसे वाचावे? तारखा आणि कामे घ्यावीत, विशेषणे थोडी गाळून घ्यावीत. फर्दुनजींच्या मृत्यूनंतर अडुसष्ट वर्षांनी हे लिहिले गेले, हे विसरू नये. आणि अशा पुस्तकांत कोण येत नाही, हे जुळाऱ्याच्या नजरेने पाहावे. छापखाना एकट्याने चालत नाही. खिळे पाडणारा, जुळवणारा, शाई लावणारा, दांडा ओढणारा, मुद्रिते तपासणारा, पान दुमडणारा, अशी माणसे तिथे असतातच. घराण्याच्या इतिहासात घराण्याची नावे येतात, ही नावे येत नाहीत. हा दोष फक्त मर्झबानांचा नाही. आपल्या मराठी मुद्रकांच्या चरित्रांतही मालक ठसठशीत आणि कामगार पुसट, असेच आहे.

तरीही मला या घराण्याचे एक कौतुक वाटते. त्यांनी वडिलोपार्जित एका वस्तूला कवटाळले नाही, आणि कदाचित तशी संधीही त्यांना मिळाली नाही. पत्र गेले, म्हणून पुढच्यांना दुसरे काहीतरी करावे लागले. पिढ्यांमधून उतरत गेली ती एक सवय : आपल्या अंगची विद्या शहराच्या रोजच्या उपयोगाच्या वस्तूत घालायची. पंचांग, बाजारभाव, रुग्णालय, भाड्याची खोली, संध्याकाळचा विनोद. यातली कोणतीच वस्तू आपल्याला इतिहास वाटत नाही, कारण ती वापरून संपते. 'समाचार' दुसऱ्यांच्या हातांत दोनशे वर्षे चालला, हे फर्दुनजींच्या कामाचे अपयश म्हणता येत नाही. मालक गेल्यावर बंद पडणारी पत्रे आपल्याकडे ढिगाने आहेत.

मात्र वापरून संपणाऱ्या वस्तूंचा पुरावा सर्वांत आधी नष्ट होतो. शाहनाम्याची देखणी प्रत कोणीतरी जपून ठेवतो. वर्ष सरलेले पंचांग कोण ठेवील? त्यात ना साहित्य, ना कला. पण कुठल्या साली कुठल्या छापखान्यात कोणते खिळे होते, कागद कुठला होता, सण कोणत्या दिवशी धरला जात होता, आणि समासात घरधन्याने काय टिपले होते, म्हणजे कोणाचा जन्म, कोणाचे देणे, कुठल्या साथीचे वर्ष, हे सारे त्यातच असते. मर्झबानांच्या छापखान्याची सुरुवात ज्या वस्तूने झाली, ती याच जातीची.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा बहुतेक घरांतली दिवाळीची साफसफाई उरकली असेल. माळ्यावरून निघालेले जुने गठ्ठे रद्दीवाल्याची वाट पाहत दाराशी असतील. त्यात आजोबांच्या काळची पंचांगे, तालुक्याच्या छापखान्यातल्या लग्नपत्रिका, बंद पडलेल्या साप्ताहिकांचे अंक असतील तर एकदा उलगडून पाहावेत. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक खिळ्यांत मुद्रकाचे नाव आणि गाव असते. पुष्कळ मुद्रकांची तेवढीच नोंद शिल्लक आहे.